मूळ जिवंत आहे का? केसांची शंभर वर्षांची गोष्ट

आमचं हे बोलणं ऐकताना तुमच्यातल्या कुणी भाकऱ्या थापत असतील, कुणी विड्या वळत असतील, कुणी लेकीची वेणी घालत असतील. वेणी घालणाऱ्यांनी जरा हातातल्या फणीकडं बघावं. फणीत जो केसांचा गुंता राहतो, त्याला आपण गुंतवळ म्हणतो. आपल्या आज्या गुंतवळ कधी उघड्यावर टाकत नसत. भिंतीच्या भोकात खोचून ठेवत. केसांवर भांडी देणारा आला की त्याच्याकडून एखादी वाटी, एखादं पातेलं घेत. पण हीच गुंतवळ एखाद्या महिन्यात रोजच्यापेक्षा चौपट निघाली, तर बाईच्या पोटात गोळा येतो. ती कुणाला सांगत नाही. पदर पुढं ओढते आणि गप्प बसते.

मागच्या बैठकीत आमच्या गटात हा विषय निघाला आणि मग थांबेचना. कुणाची बाळंतपणानंतर निम्मी वेणी गेली होती. कुणाच्या नातवाच्या डोक्यात रुपयाएवढे चट्टे पडले होते. कुणाच्या सासूला तीस वर्षं जट होती. प्रत्येकीला कुणी ना कुणी कारण सांगितलं होतं. नजर लागली, करणी झाली, देवीचा कोप झाला, साबण बदलला, पाणी बदललं, आणि सगळ्यात जास्त वेळा, तुझंच काहीतरी चुकलं. म्हणून आम्ही ठरवलं, या विषयाचा मागचा इतिहास सांगायचा. डोक्याला इजा झाली किंवा अंगात आजार शिरला तर केसांचं काय होतं, आणि आपल्या मुलखात ते कसकसं होत आलं, याची ही गोष्ट.

आमचं होटगी म्हणजे रेल्वेचं जंक्शन. सोलापूरहून आलेली गाडी इथून एक तर वाडीकडं जाते, नाही तर विजापूरकडं वळते. एकदा फाटा फुटला की दोन्ही वाटा निराळ्या. केसांचंही तसंच आहे. केस गेले की पुढं दोनच वाटा असतात. मूळ जिवंत राहिलं तर केस परत येतात. मूळच जळलं, फाटलं किंवा वण होऊन बुजलं, तर त्या जागी पुन्हा केस उगवत नाहीत. आज जे जे सांगणार आहोत, त्या प्रत्येक ठिकाणी हा एकच प्रश्न विचारायचा. मूळ जिवंत आहे का?

आधी मुळाची ओळख करून घेऊ. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो, म्हणून कापताना दुखत नाही आणि रक्त येत नाही. जीव असतो तो कातडीच्या आत, मुळाच्या गाठीत. तिथं रक्त पोचतं, अन्न पोचतं आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. शेतात सगळं पीक एकदम कापणीला येतं, तसं डोक्यावर होत नाही. इथं दर शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढीला लागलेले असतात आणि बाकीचे विसाव्यात असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळले तरी डोकं भरलेलंच दिसतं.

आता मोठा ताप आला, जुळं बाळंतपण झालं, खूप रक्त गेलं, मोठं ऑपरेशन झालं, तर अंग काय करतं? घरात पैसा कमी पडला की आपण आधी नवं लुगडं घेणं थांबवतो, चूल थांबवत नाही. अंगही तसंच करतं. काळीज, मेंदू, फुप्फुसं यांना आधी पुरवतं आणि केसांची वाढ थांबवतं. वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात. पण ते लगेच गळत नाहीत. विसावा तीनेक महिन्यांचा असतो. म्हणजे ताप येतो आषाढात आणि केस गळतात दसऱ्याच्या सुमारास. तोवर ताप विसरलेला असतो. मग बाईच्या डोळ्यांसमोर जे असेल त्याच्यावर आळ जातो. नवा साबण, नवी सून, शेजारणीची नजर. आम्हाला वाटतं, केसांबद्दलच्या निम्म्या अंधश्रद्धा या तीन महिन्यांच्या अंतरातून जन्मल्या आहेत.

याचा सगळ्यात मोठा दाखला १९१८ सालचा आहे. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ आली. पहिल्या महायुद्धातून परतणारे सैनिक बोटीनं बंदरात उतरत होते आणि तापही त्यांच्याबरोबर उतरला. तिथून तो आगगाडीनं देशभर गेला. त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला होता, धान्य महागलं होतं, माणसं आधीच खंगलेली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली ती भयंकर होती. आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. शिरगणती सुरू झाल्यापासून असं दशक पुन्हा आलेलं नाही.

जी माणसं त्या तापातून वाचली, त्यांच्यातल्या कित्येकांचे केस पुढच्या महिन्यांत झडले. ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी तशा नोंदी करून ठेवल्या आहेत. पण गावाकडच्या बाईला ते कोण सांगणार? घरात दोन माणसं गेलेली, आणि तीन महिन्यांनी आपलेच केस ओंजळीनं हातात येतात. तिनं तो देवाचा कोप मानला असेल, तर तिला आपण नावं ठेवू शकत नाही. केस अचानक विसाव्यात जाऊन गळण्याच्या या प्रकाराला डॉक्टरी नाव मिळायलाच १९६१ साल उजाडलं. अमेरिकेतल्या आल्बर्ट क्लिगमन नावाच्या डॉक्टरांनी ते दिलं.

आणि मैत्रिणींनो, ही फक्त पणजीच्या काळातली गोष्ट नाही. २०२० आणि २०२१ ची कोरोनाची साथ आठवा. ताप उतरला, वास परत आला, घरी सगळे सुटलो म्हणालो, आणि दोन-तीन महिन्यांनी न्हाणीघराची मोरी केसांनी तुंबायला लागली. आमच्यातल्या चौघी-पाचजणींनी तेव्हा महागडी तेलं आणली होती. काही महिन्यांनी केस परत आले आणि श्रेय तेलाला गेलं. खरं तर मूळ जिवंतच होतं. ते आपल्या वेळेनं जागं झालं. बाळंतपणानंतर गळणारे केसही असेच सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात परत येतात. बाळ आईचे केस ओढून नेतं म्हणतात, त्यात बाळाचा काही दोष नसतो.

ताप एकदा येऊन जातो. भूक मात्र ठाण मांडून बसते. आपला सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला, नाला बांधाच्या कामाला गेल्या. मजुरी मिळायची, सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा. अंगाला प्रथिनं आणि लोह पुरेसं मिळालं नाही तर केस बारीक होतात, कोरडे पडतात, ओढले की सहज निघतात. लहान लेकरांत तर रंगही बदलतो. काळे केस तांबूस, भुरकट होतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकात आफ्रिकेत काम करताना लेकरांच्या अशा कुपोषणाचं वर्णन केलं. कुपोषित मुलाला काही महिने चांगलं खायला मिळालं आणि पुन्हा उपास पडला, तर त्याच्या एकाच केसावर काळा पट्टा, फिका पट्टा, पुन्हा काळा पट्टा असा दिसतो. त्या लेकरानं कधी खाल्लं आणि कधी उपाशी राहिलं, याचा हिशेब केसावर लिहिलेला असतो. म्हणून अंगणवाडीत एखाद्या पोराचे केस तांबडे, विरळ दिसले तर तेल लावत नाहीत म्हणून आईला बोलू नका. त्याचं वजन करायला सांगा.

आता दुसऱ्या वाटेकडं वळू. इथं मूळच धोक्यात येतं.

पूर्वी देवीचा रोग होता. अंगभर फोड यायचे, डोक्यातही यायचे. फोड खोलवर गेला असेल तर तिथं वण राहायचा आणि वणावर केस उगवत नसत. आजही सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजीच्या चेहऱ्यावर ते वण दिसतात. त्यांच्या भांगात बोट फिरवलं तर तिथंही एखादी गुळगुळीत, केस नसलेली जागा लागू शकते. देवीची लस आपल्या देशात पहिल्यांदा टोचली ती मुंबईत, १८०२ साली, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिथून पुढं पावणेदोनशे वर्षं लस टोचणारे गावोगाव हिंडले. लोक त्यांना पाहून पोरं लपवत. देवी अंगात आलीय, तिला सुई टोचायची नाही, असं म्हणत. पण १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० साली जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. ज्या रोगाला आपण देवीचं नाव दिलं होतं, तो सुईनं गेला.

देवी गेली, पण लेकरांच्या डोक्यातले खवडे अजून आहेत. खवडे म्हणजे बुरशी. अंगावर नायटा उठतो, तीच जात. डोक्यात गोल चट्टा पडतो, खपली धरते, केस मुळाशी तुटतात. कधी कधी पू धरून मऊ गाठ येते आणि लोक ती गळू समजून पिळतात. तसं करू नका. ही गाठ वेळेत बरी झाली नाही तर वण राहतो आणि तेवढी जागा कायमची बोडकी होते.

या खवड्यांच्या उपचाराचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. बुरशी मुळाच्या आत बसते, म्हणून वरून लावलेलं तेल किंवा मलम तिथवर पोचत नाही. १९०४ च्या सुमारास पॅरिसच्या साबुरो नावाच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांनी डोक्याचे सगळे केस पाडायची रीत काढली. केस पडले की बुरशीही पडते, आणि काही महिन्यांनी केस परत येतात. जगभर ही रीत पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्रायलमध्ये बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या हजारो मुलांवर असे किरण सोडले गेले. केस परत आले. पण पुढं वीस-तीस वर्षांनी त्यांच्यातल्या काहींना डोक्यात गाठी झाल्या, गळ्याच्या थायरॉइडचा कॅन्सर झाला. १९९४ साली त्या सरकारला कायदा करून भरपाई द्यावी लागली. तोवर १९५८ साली पोटात घ्यायच्या गोळीनं खवडे बरे होतात, हे सिद्धही झालेलं होतं. आज सरकारी दवाखान्यात डॉक्टर लेकराचं वजन बघून अशी गोळी देतात. ती काही आठवडे पूर्ण घ्यावी लागते. झटपट गुण देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये, हा धडा त्या हजारो लेकरांनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला दिला आहे.

आपल्याकडचा असाच एक झटपट उपाय म्हणजे चाईवर बिबवा लावणं. चाई पडते तेव्हा एके ठिकाणचे केस अचानक जातात. जागा गुळगुळीत असते, खाज नसते, खपली नसते. केसांना कीड लागली असं आपण म्हणतो, पण तिथं कीड नसते. अंगातली रोगाशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. मूळ मरत नाही, दबून राहतं. बहुतेक वेळा केस परत येतात, सुरुवातीला पांढरेही येतात. पण बिबव्याचं तेल कातडी भाजतं, फोड आणतं. तो फोड खोल गेला तर जे मूळ नुसतं दबलं होतं ते खरोखरच मरतं. म्हणजे आजारानं जे केलं नव्हतं ते उपायानं केलं.

आता इजेबद्दल बोलू. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, जिला सगळे जुनी मिल म्हणत. मग आणखी गिरण्या निघाल्या आणि खेड्यापाड्यांतल्या बायका कामाला गेल्या. गिरणीच्या पट्ट्यांत, फिरत्या दांड्यांत मोकळा केस किंवा पदर अडकला की काय होतं, हे जगभरच्या गिरणी कामगार बायकांनी भोगलं आहे. डोक्याची कातडी केसांसकट ओढली जाते. म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या भागांना कुंपण घालायची सक्ती आली, आणि चालू यंत्र पुसायला, तेल घालायला बायकांना लावू नये, असंही कलम आलं.

गिरण्या बंद पडल्या, पण यंत्र आपल्या शेतात आलं. मळणी यंत्र आलं, कडबा कुट्टी आली. ज्वारीच्या सुगीत आपण रात्री उशिरापर्यंत मशीनपुढं उभ्या असतो. डोळ्यांवर झोप असते, पदर सुटलेला असतो, वेणी पाठीवर असते. मळणी यंत्रांत इतके हात आणि इतकी डोकी गेली की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. यंत्राला सुरक्षेची साधनं हवीत आणि अपघात झाला तर भरपाई हवी, असं तो कायदा सांगतो. पण कायदा आपल्या खळ्यावर येऊन आपला अंबाडा बांधणार नाही. मशीनपुढं जाताना केस वर बांधा, त्यावर घट्ट रुमाल बांधा, पदर कमरेला खोचा, आणि फिरत्या पट्ट्याला जाळी नसेल तर मालकाला आधी जाळी बसवायला सांगा. एकटीनं सांगायला संकोच वाटत असेल तर गटानं सांगा.

आणि तरीही अपघात झाला तर? १९९४ सालची पंजाबातली एक घटना सांगतो. नऊ वर्षांच्या एका मुलीची वेणी शेतातल्या यंत्रात अडकली. डोक्याची कातडी चेहऱ्यासकट निघाली. तिच्या घरच्यांनी त्या धक्क्यातही सुटा झालेला भाग पिशवीत घालून बरोबर नेला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. अब्राहम थॉमस यांनी बारीक रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून तो भाग परत बसवला. जगभर या शस्त्रक्रियेचं नाव झालं. मुळांना रक्त परत मिळालं म्हणून हे घडलं. त्या घरच्यांनी तो भाग तिथंच टाकून दिला असता तर डॉक्टरांना काही करता आलं नसतं.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. डोक्यावर स्वच्छ कापड दाबून धरा, कारण डोक्यातून रक्त फार जातं. निघालेली कातडी धुवायला-घासायला बसू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. कातडीला बर्फ थेट लागू देऊ नका. हळद, राख, चहाची पूड काही लावू नका. एकशेआठला फोन करा आणि थेट मोठ्या दवाखान्याकडं निघा. भाजल्यावरही असंच. उकळतं पाणी लेकराच्या डोक्यावर सांडलं तर लगेच वीस मिनिटं साधं गार पाणी ओता. उष्णता जितकी खोल जाईल तितकी मुळं जास्त मरतात.

आता जटेबद्दल. इथं आमचा आवाज जरा जड होतो, कारण आमच्या भागातून सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी वाट फार जुनी आहे. आम्ही घरात कन्नड बोलतो, बाजारात मराठी बोलतो, आणि दोन्ही भाषांत एकच सांगितलं गेलं. जट आली म्हणजे देवीनं बोलावलं. ती कापायची नाही. कापली तर रक्त येईल, घरात माणूस दगावेल. कितीतरी पोरींच्या डोक्यात आठ-दहा वर्षांच्या वयात गुंता झाला आणि त्या गुंत्यापायी त्यांना देवाला सोडलं गेलं. पुढचं आयुष्य कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. पण या सगळ्याची सुरुवात एका न विंचरलेल्या डोक्यातून होत होती.

जट होते कशी? घोंगडी बघा. लोकर ओली करून, खळ लावून, चोळून-दाबून एकजीव करतात, मग धागा धाग्यापासून सुटत नाही. दीर्घ आजार, अंथरुणाला खिळणं, मन खचणं, डोक्यात उवा आणि फोड, यांमुळं आठवडेच्या आठवडे न्हाणं-विंचरणं होत नाही. घाम, तेल, धूळ आणि फोडांचा चिकटा यांनी केस घोंगडीसारखे एकजीव होतात. त्यात कुणी भंडारा लावला, तेल ओतलं, की गाठ पक्की होते.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. युरोपात पोलंड देशात शेतकरी कुटुंबांत अशाच जटा असत, आणि तिथंही लोक म्हणत, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह शहरातले डॉक्टर युझेफ डिटल यांनी ही समजूत खोटी असल्याचं दाखवून दिलं. जट हा अस्वच्छतेतून आणि भीतीतून होणारा गुंता आहे, असं त्यांनी सांगितलं. डोकी स्वच्छ झाली, केस कापले गेले आणि जट त्या देशातून गेली. कुणी आंधळं झालं नाही. आपल्याकडं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच काम करत आले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन, बायकांची समजूत घालून शेकडो जटा सोडवल्या आहेत.

आता आपला प्रश्न जटेला विचारू. मूळ जिवंत आहे का? जट कापली तर रक्त येत नाही, कारण आपण मघाशी पाहिलं की केसात रक्तच नसतं. मूळ कातडीच्या आत सुखरूप असतं आणि काही महिन्यांत डोकं पुन्हा भरतं. उलट जट ठेवली तर तिचं किलो-किलोचं वजन वर्षानुवर्षं मुळांना ओढतं. मान दुखते, झोप लागत नाही, जटेखाली फोड होतात आणि ओढून ओढून मुळं मरतात. आपण इतकी वर्षं नेमकं उलटं मानत आलो. घात कापण्यात नाही, ठेवण्यात आहे.

शेवटची गोष्ट अगदी अलीकडची. २०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. जानेवारीपर्यंत अठरा गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. टीव्हीवाल्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ असं नाव दिलं. लोक पाण्याला भिऊ लागले, एकमेकांना भिऊ लागले. कॉलेजच्या पोरींनी लाजेनं मुंडण केलं. काहींची ठरलेली लग्नं मोडली. म्हणजे केस गेले ते काही दिवसांत, पण लोकांच्या बोलण्यानं जे गेलं ते जास्त होतं.

तो विषाणू नव्हता. विंचूदंशावरच्या संशोधनानं नाव झालेले आपले डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं गेले. त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासला. सेलेनियम नावाचा क्षार फार जास्त निघाला आणि जस्त कमी निघालं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचं त्यांनी सांगितलं. सेलेनियम अंगाला लागतं, पण कणभरच. जास्त झालं तर केस आणि नखं जातात. पुढं त्याच गावांत नखं गळल्याच्या तक्रारीही आल्या. चीनच्या हुबेई प्रांतात १९६० च्या दशकात असंच घडलं होतं. तिथल्या काही गावांत केस-नखं गळली, तेव्हा जमिनीतून पिकात उतरलेलं सेलेनियम हे कारण निघालं. बुलढाण्यात बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले, कारण मूळ जिवंत होतं. पण ज्या पोरीचं लग्न मोडलं तिला त्या आठवड्यांत कोण म्हणालं, की बाई, तुझं काही चुकलेलं नाही?

मैत्रिणींनो, शंभर वर्षांत ताप आला, दुष्काळ आला, देवी आली आणि गेली, यंत्र आलं, गहू आला. दर वेळी कारण निघालं ते अंगात, अन्नात, नाही तर यंत्रात. बोट मात्र दर वेळी बाईकडं गेलं.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करू या. जिचे केस अचानक गळतायत तिला आधी विचारू, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घरातलं दुःख? मग आशाताईंकडून हिमोग्लोबिन तपासून घेऊ, गरज पडली तर थायरॉइडही. लेकराच्या डोक्यात खपली, पू, गोल चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठू. केस गेलेली जागा उजेडात बघू. बारीक छिद्रं दिसत असतील तर मूळ जिवंत असण्याची आशा जास्त. कातडी चकचकीत, वणासारखी ताणलेली दिसली, आग होत असली, तर उशीर करायचा नाही, कारण तिथं दर महिन्याला थोडी थोडी मुळं जातात. आणि कुणाच्या घरात जट असेल तर तिच्याशी भांडायचं नाही. तिच्या शेजारी बसायचं, तिची भीती ऐकून घ्यायची. तयार झाली की कात्री आपण धरायची.

होटगी जंक्शनवर गाडी चुकली तर दुसरी येते. मुळाचं तसं नाही. म्हणून वेळेवर निघा, आणि पदर पुढं ओढून एकट्या बसू नका.

पुढच्या खेपेला पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.